या आठवड्याचं प्रतिबिंब

आमच्या गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या शेतात कधी जाणार हे बाबा ठरवायचे. असं लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. ते म्हणतील, पाळी वाडवडलांनी लावून दिली, मी फक्त तुडुम उघडतो. तेही खरंच. तुडुम म्हणजे तलावाच्या पारीखालून, मातीच्या बांधाखालून, पाणी सोडायचं दगडी तोंड. ते उघडणाऱ्या, पाटाच्या कडेनं फावडं घेऊन फिरणाऱ्या आणि एकाचं झालं की दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी वळवणाऱ्या माणसाला आमच्याकडे पाणकर म्हणतात. इटियाडोहचा कालवा आमच्या शिवाराला वळसा घालून पुढे गेला, त्यामुळे धरण एवढं जवळ असूनही आमचा धान तलावाच्याच भरवशावर. आमच्या समाजानं म्हणे सगळ्या झाडीपट्टीत तलाव खोदले. खोदले असतील. आमच्या वाट्याला त्यातला एक आला होता आणि त्याचा गाळ कुणी काढत नव्हतं. म्हणून दसरा झाला की पाणी पुरेनासं व्हायचं, आणि त्या पंधरवड्यात माझे अबोल बाबा गावातले सगळ्यांत मोठे माणूस व्हायचे.

त्या दिवसांत आमचं घर पाण्याच्या वेळेवर चालायचं. बाबा उजाडायच्या आत उठायचे, फावड्याचा दांडा ओट्याला एकदा टेकवायचे आणि तो आवाज ऐकून आई चुलीकडे जायची. मी अंथरुणात पडून ऐकत असायचे. आधी आईच्या बांगड्या, मग फुंकणीची फुरफुर, मग लाखोरीच्या डाळीला मिरचीची फोडणी पडली की घरभर ठसका. मिरची केशोरीची, आईच्या माहेरची, आणि आईचं म्हणणं असं की डोळ्यांत पाणी आलं नाही तर ती डाळच नव्हे. बाबा आदल्या रात्रीच्या भातात मीठ-कांदा घालून खायचे आणि निघायचे. दुपारी परतले की गुडघ्यापर्यंत चिखल. दारात कुणी ना कुणी बसलेलंच असायचं. ‘पाणकर, माह्याकडे कवा येते पानी?’ बाबा म्हणायचे, ‘तुही पाळी आली का येते.’ यापलीकडे एक अक्षर नाही. त्यांना कुणी कधी चहा पाजून पाणी नेलं नाही, असं गावात बोललं जायचं. मला त्या बोलण्याचा अभिमान होता, हे आता कबूल करायला लाज वाटते.

मी तेव्हा अर्जुनीला कॉलेजात होते. दादा नागपूरला कामाला लागला होता, आणि त्याचा वापरलेला फोन माझ्याकडे आला होता. फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली, पण कॅमेरा धड होता. कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं मला एका ग्रुपात घातलं. गोंदियाच्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या संजूभैयांनी तो चालवला होता. दर सोमवारी ते एक विषय द्यायचे: सावली, दार, हात, वाट पाहणं, असलं काहीतरी. शनिवारपर्यंत फोटो टाकायचा. रविवारी प्रत्येकानं दुसऱ्या तिघांच्या फोटोवर लिहायचं, काय आवडलं, काय खटकलं आणि एक प्रश्न. शेवटी संजूभैया त्यातला एक ‘आठवड्याचा फोटो’ म्हणून निवडायचे. नुसतं ‘मस्त’ लिहिलं की संजूभैया झापायचे, ‘मस्त तो समोसा होता है, फोटो के बारे में बोल.’ आणि एक नियम लोखंडासारखा पक्का: फोटो त्याच आठवड्यात काढलेला पाहिजे. जुना फोटो टाकला की ग्रुपातून बाहेर. ‘देखना सीखना है ना? तो इसी हफ्ते देखो,’ असं ते म्हणायचे.

आता माझी मुलगी एका दुपारी शंभर फोटो काढते आणि संध्याकाळी सगळे पुसते. तिला मी कसं सांगू की आठवड्याचा एक फोटो म्हणजे मला काय होता! वीस-बावीस अनोळखी मुलं-मुली, बहुतेक गोंदियाची, हिंदी-मराठीची खिचडी बोलणारी, आणि ती माझ्या गावच्या कुडाच्या भिंतीवर दहा-दहा ओळी लिहायची. एकानं लिहिलं होतं, ‘उजेड डावीकडून घेतला असता तर भिंतीची खरखर दिसली असती.’ मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं, खरंच दिसत होती. अठरा वर्षं त्या भिंतीला पाठ लावून बसले होते आणि ती खरखर मला गोंदियाच्या पोरानं दाखवली. रविवारी मी जेवायचं विसरायचे. आई म्हणायची, ‘त्या फोनातच भात वाढून देऊ का तुले?’

‘हात’ विषय आला तेव्हा मी देवदासकाकांचे हात काढले होते. आमच्या बांधीला लागून त्यांची बांधी. बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांचा मुलगा मंगेश पुण्याला कारखान्यात होता. ते बिचारे मी सांगेन तसे उन्हात बसायचे आणि विचारायचे, ‘माहे हात गोंदियात पायतेत का वो लोक?’ मी हो म्हटलं की दोन्ही हात पुढे-मागे करून स्वतःच पाहायचे. त्या फोटोला संजूभैयांनी आठवड्याचा फोटो म्हटलं नाही, याचा मला त्यांच्यापेक्षा जास्त राग आला होता. एकदा तरी माझा फोटो आठवड्याचा फोटो व्हायला हवा होता. दुसरं काही नको होतं. माणूस असा एकाच गोष्टीमागे लागला की त्याला बाजूचं दिसत नाही. मला तर फोटो काढायला शिकत असताना दिसलं नाही.

त्या सोमवारी विषय आला, ‘प्रतिबिंब’. गोंदियाची मुलं आरसे, दुकानांच्या काचा, चष्मे शोधू लागली. मला पाणी हवं होतं आणि पाणी कुठे होतं? तलाव तळाला गेलेला, कडेला नुसता चिखल. धान पोटरीवर आलेला, म्हणजे कणीस आत धरलेलं, बाहेर पडायला एक शेवटचं पाणी मागणारा. पावसानं पाठ फिरवली होती. शुक्रवारी सकाळी मी बाबांच्या मागून शेताकडे निघाले. ते पुढे गेले होते. शिवाराच्या टोकाला शेवंताआत्याची, बाबांच्या धाकट्या बहिणीची, ठेक्यानं केलेली बांधी आहे. तिच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोहाचं झाड आहे, बुडापासूनच दुभंगलेलं. तिथे मला ते दिसलं. धुरा नुकताच फोडलेला, बांधीत पाणी पसरत चाललेलं, अजून गढूळ न झालेलं, आणि त्या तोंडाशी फावड्यावर रेलून बाबा उभे. सूर्य त्यांच्या मागून वर येत होता. पाण्यात उलटे बाबा, उलटं मोहाचं झाड. मी श्वास धरून सात फोटो काढले. बाबांनी मान वळवली, मला पाहिलं आणि म्हणाले, ‘तू इकडे कायले आली? जाय घरी.’ आवाज चढलेला होता. मला वाटलं, चिखलात चप्पल घालून आले म्हणून.

पाणकराच्या पोरीला त्या दिवशी पाळी कुणाची हे ठाऊक नसावं! गावातलं शेंबडं पोर सांगू शकलं असतं. पाळी देवदासकाकांची होती. ते दोन दिवस सौंदडला लेकीकडे नातवाच्या बारशाला गेले होते आणि जाताना आमच्याच ओट्यावर उभं राहून बाबांना म्हणाले होते, ‘माहं पानी तू पाहून घेजो बापा.’ मी त्या वेळी आत बसून आदल्या आठवड्याच्या फोटोवरचे अभिप्राय पुन्हा वाचत होते.

रविवारी माझा फोटो आठवड्याचा फोटो झाला. संजूभैयांनी लिहिलं, ‘ये लडकी अब देखने लगी है.’ एकीनं विचारलं, हे काका कोण? दुसऱ्यानं लिहिलं, माणूस थकलेला वाटतो, पाणी मात्र ताजं आहे. मी ती वाक्यं इतक्यांदा वाचली की आजही पाठ आहेत. आणि मग मी जे केलं ते कुणीही केलं असतं. फोटो स्टेटसला लावला आणि खाली लिहिलं, ‘या आठवड्याचं प्रतिबिंब’.

सोमवारी संध्याकाळी देवदासकाका आले. ओट्यावर बसले नाहीत. हातात फोन होता. मंगेशनं पुण्याहून तो फोटो त्यांना पाठवला होता. मी दाराशी होते, आई चुलीपाशी. काका बाबांना म्हणाले, ‘दयाराम, तू त मले सांगतलास का माही पाळी आली आन् तुडुमाचं पानी सरलं. मंग शेवंताच्या बांधीत हे पानी कोनाचं होय?’ बाबा खाली पाहत होते. ‘पोरगं म्हनते, हप्त्याचाच फोटो होय. तिनंच लिवलं आहे.’ काका वाट पाहत थांबले. मग शांतपणे म्हणाले, ‘उद्या तुडुमावर बसू. चार लोकाईसमोर सांग. तू नाही म्हनला त मी माननार आहो.’ आणि गेले.

आमच्याकडे पाण्याचा वाद घरात बोलत नाहीत, तुडुमाजवळ बसूनच बोलतात. तिथे पाणकर खोटा ठरला की फावडं ठेवायचं. लहानपणापासून मी हे ऐकलं होतं. कुणी ठेवलेलं मात्र पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी आईला सांगितलं ते मी ऐकलं. शेवंताआत्याची पाळी पुढच्या आठवड्यात होती आणि तोवर पाणी टिकत नाही हे बाबांना दिसत होतं. आत्याचा नवरा अंथरुणावर, धान वाळू लागलेला. त्यांनी हिशेब केला, सकाळचे दोन तास आत्याला, मग दिवसभर देवदासला. पण दोन तासांनी परत आले तर तलावाची पातळी तुडुमाच्या तोंडाखाली गेली होती. पाटात पाणी चढेना. जे थोडं आलं ते देवदासकाकांच्या बांधीत खालीच राहिलं, वरचा कोपरा कोरडा राहिला. ‘दोन घंट्याची गोष्ट होती,’ बाबा म्हणाले. आई म्हणाली, ‘मंग त्याले तसंच सांगाचं होतं.’ त्यावर बाबा जेवणावरून उठले. आईनं त्यांच्या ताटातला भात परत भांड्यात टाकला आणि तिथेच बसून राहिली.

मला कुणी काही विचारलं नाही. मीच ठरवलं. पहाटे उठून मी फोनातले सातही मूळ फोटो पुसून टाकले, कारण त्यांच्यावर तारीख दिसायची. काय करते आहे हे मला नीट कळत होतं. तरी केलं.

तुडुमाजवळ दहा-पंधरा माणसं होती. बाबा फावडं धरून उभे. देवदासकाकांनी विचारायच्या आत मीच पुढे झाले. बाई माणूस तिथे बोलत नाही. सगळे पाहतच राहिले. मी म्हणाले, ‘काका, तो फोटो मागच्या सालचा होय. माह्याजवळ या हप्त्याचा नव्हता म्हणून जुनाच टाकली.’ एक म्हातारबा म्हणाले, ‘बापासाठी बोलून राहिली पोरगी.’ काकांनी फोन लावून मंगेशला विचारलं. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, ‘त्या ग्रुपात जुना फोटो चालत नाही, तिनंच मले सांगतलं होतं. जुना असन त तिले म्हना, तिथं लिवून दाखव.’

मी लिहिलं. तिथेच, सगळ्यांच्या देखत. ‘माझा प्रतिबिंबाचा फोटो मागच्या वर्षीचा आहे. मी नियम मोडला. मला माफ करा.’ आणि फोन काकांच्या हातात दिला. त्यांच्या हातातच उत्तरं वाजू लागली. कुणीतरी लिहिलं, तरीच. कुणीतरी, हमने तो कितना लिखा इसपे. शेवटी संजूभैयांचं एकच वाक्य, ‘तुझसे ये उम्मीद नहीं थी,’ आणि खाली बारीक अक्षरांत, तुम्हाला ग्रुपमधून काढलं आहे. काकांना हिंदी वाचता येत होतं. त्यांनी ते हळूहळू, एकेक शब्द लावत वाचलं. मग फोन मला दिला, बाबांकडे वळले आणि दोन्ही हात जोडले. ‘दयाराम, माहं चुकलं. तुह्यावर शक घेतलो.’ बाबांनी ते हात धरले नाहीत, खाली केले नाहीत. नुसते उभे राहिले. माणसं पांगली.

मला वाटलं होतं, घरी गेल्यावर बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवतील. मी तर त्यांच्यासाठी माझं सगळं दिलं होतं, त्या वयात मला तेच सगळं वाटत होतं. बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाण्याचा काळ संपला होता, तरी सकाळी दांडा टेकवायचे आणि तसेच ओट्यावर बसायचे. आई अंबाडीची भाजी करायची, झिंगे भाजायची, त्यांना आवडतं ते सगळं. ते चार घास खाऊन उठायचे. तिसऱ्या दिवशी मीच चिडून म्हणाले, ‘बाबा, मी काय वाईट केली? तुमचं फावडं वाचवली.’ ते म्हणाले, ‘तुले कोनं सांगतलं होतं?’ मी म्हणाले, ‘तुमी त चूप होते!’ यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात बाबांचा तेवढा राग कधी केला नव्हता. अजूनही तो पूर्ण गेलेला नाही. बोलायचंच होतं तर त्या सकाळी मी तोंड उघडायच्या आत बोलायचं होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः माणसं बोलावली. मला म्हणाले, ‘चाल.’ तुडुमाजवळ गेल्यावर ते जास्त बोलले नाहीत. ‘फोटो याच सालचा होय. देवदासच्या पाळीत शेवंताच्या बांधीत मी पानी सोडलो. पोरगी खोटं बोलली, मी आयकून घेतलो.’ फावडं दगडावर ठेवलं. ‘आता दुसरा पाणकर पाहा.’ मी जमिनीकडे पाहत होते आणि मनात एकच चाललं होतं, यांनी मला विचारलंही नाही. ग्रुपात मी खोटी ठरले होतेच, आता गावातही. नंतर मी संजूभैयांना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ठीक है, ओरिजिनल भेज दे.’ तो मी पुसला होता. माझ्या आयुष्यातला एकच आठवड्याचा फोटो, आणि तो माझा होता हे सिद्ध करायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

पण तुडुमाजवळचं सांगायचं राहिलं. सगळ्यांना वाटलं देवदासकाका बाबांवर उखडतील. त्यांच्या बांधीचा कोपरा तोवर पांढरा पडला होता, कणसात दाणाच भरला नव्हता. ते बाबांकडे गेलेच नाहीत. माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही, हे फार वाईट झालं. म्हणाले, ‘पान्याचं काय बाई, पुढच्या साली येते. तुह्या बापाले मी एक डाव सोडून देलो असतो. पन मी तुह्या बोलन्यावर भरोसा ठेवलो आन् चार लोकाईत त्याले हात जोडलो ना वो.’

काका थोडा वेळ थांबले, मग धुऱ्यानं निघून गेले. पुढे नऊ वर्षं ते जगले. मी माहेरी आले की रस्त्यात थांबून ‘आली का बाई, जवाई बरे आहेत?’ म्हणायचे. बाबांशीही हळूहळू बोलू लागले, तंबाखू देऊ-घेऊ लागले. गाव विसरलं. बाबांनी चूक कबूल केली म्हणून लोक आज त्यांचं नावही काढतात, पण माफी त्यांनी मागितली नव्हती, आणि मीही नाही. मी मागितली होती ती बावीस अनोळखी मुलांची, न केलेल्या चुकीसाठी. काका गेले तेव्हा आम्ही दोघं, बाबा आणि मी, त्यांच्या दारात उभे होतो. त्या सगळ्या प्रकरणात ज्याचं पाणी गेलं होतं, त्या एकट्यानंच हात जोडले होते.